चौथ्या अंकात अस्वल मरतं

माणसांनी आमच्यावर जेवढी म्हणून नाटकं लिहिली, त्या सगळ्यांत अस्वल शेवटी मरतं. एखादा लहानगा राजा असतो, एखादी वाट चुकलेली पोर असते, कधी नुसतंच कुणाचं तरी तान्हं असतं. त्याच्यावर भाला येतो आणि अस्वल मधे जातं. मग पोर रडतं, प्रेक्षक रडतात, पडदा पडतो आणि मंडळी नाक पुसत घरी जेवायला जातात. अस्वलासाठी एखादा राजा मेला आणि अस्वल नाक पुसत घरी जेवायला गेलं, असं नाटक माझ्या पाहण्यात नाही. आणि मी नाटकं कमी पाहिलेली नाहीत. फक्त मागच्या बाजूने पाहिली आहेत.

मी पडदेवाली. नाटकगृहाच्या मागच्या भिंतीला दोरखंडांची रांग आहे. एक ओढला की महाल वर जातो, दुसरा सोडला की जंगल खाली येतं. दर्शनी पडदा सगळ्यांत अवघड. त्याला बांधलेली दगडाची वजनं पडद्याहून जड, त्यामुळे पडदा खाली आणायचा म्हणजे ती वजनं वर चढवायची. त्याला तीन धडधाकट माणसं लागतात, नाहीतर मी.

अस्वलाचं काम तेव्हा दोन माणसं मिळून करत. पुढचे पाय करणाऱ्याला सगळी कंपनी ‘पुढचा’ म्हणायची आणि मागचे पाय करणाऱ्याला ‘मागचा’. दोघं एका कातड्यात शिरत, वर तेलाचे डबे कापून शिवलेलं चिलखत. दोघांचं भांडण झालेलं असलं की मागचा मुद्दाम दोन पावलं मागे राहायचा आणि अस्वल मधेच लांब व्हायचं. लोक खदाखदा हसायचे. चौथ्या अंकात तेच अस्वल मेलं की तेच लोक रडायचे. माणसांचं हसणं-रडणं किती मनावर घ्यायचं, हे मी तिथे दोर धरून शिकले.

एके दिवशी तालीम संपली, मी माझं चिलखत चढवलं आणि घरी निघाले. आम्ही रस्त्यावर चिलखतात असतो, तुम्ही चपला घालता तसं. मालक दारातच उभे होते. नाटकगृह त्यांचं आणि नाटक बसवायचेही तेच. माझ्या खांद्याचे पत्रे एकमेकांवर घासले तशी त्यांची मान गर्रकन वळली.

“परत चाल,” ते म्हणाले.

“कुठे?”

“इथेच गं. ये-जा कर.”

मी ये-जा केली. लोखंडाखाली जिवंत अंग हललं की जो आवाज येतो, तो डब्यांना सात जन्मांत येणार नाही. मालकांनी डोळे मिटून ऐकलं. “इतकी वर्षं डबे वाजवत बसलो. गाढव आहे मी,” ते म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

आठवड्याभरात गावातल्या भिंती रंगल्या. ‘खरं अस्वल! खरं चिलखत!’ पुढच्याला शत्रूच्या सरदाराचं काम दिलं. म्हणजे ज्या अस्वलात तो इतकी वर्षं मरत आला, त्यालाच आता भोसकायचं. मागच्याला माझ्या दोरांवर पाठवलं, दर्शनी पडद्यापुरते दोन हमाल त्याच्या मदतीला.

मला ते काम हवं होतं. उगाच आढेवेढे घेत नाही. दोर ओढणारीला नाटक कडेने दिसतं. राजाचा नुसता कान, राणीची नुसती पाठ. लोक जिकडून बघतात ती बाजू मला अंगावर घ्यायची होती. पडद्याच्या पुढे आजवर आमच्यातलं कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

घरी येऊन मावशीला सांगितलं. आई गेल्यावर मला मावशीनेच वाढवलं आणि आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. बंदरावर ओंडके उतरवून उतरवून तिची पाठ धनुष्य झालीय, जीभ मात्र सरळ बाणासारखी. आमच्याकडे उंबऱ्याच्या आत भिंतीत लोखंडी खुंट्या असतात, माणशी एक म्हणा, अस्वली एक म्हणा. घरात आलं की आधी चिलखत खुंटीला, मग बाकीचं. मावशी माझ्या चिलखताच्या चामडी वाद्यांना तेल चोळत बसली होती.

“राजाला वाचवायचं म्हणजे नक्की काय करायचं?” तिने विचारलं.

“भाला आला की मधे जायचं.”

“आणि?”

“मरायचं.”

“ते आलंच. त्याशिवाय का बोलावलं तुला? कसं मरायचं ते सांग.”

“पडून. आडवं होऊन.”

तिचा हात थांबला. “चिलखतात?”



आमचा एक नियम असा आहे की त्याच्यावर दाद मागता येत नाही. चिलखतात आडवं झालं ते मेलं. चिलखतात बसा, टेका, भिंतीला पाठ लावून डुलकी काढा. अंग जमिनीला लागलं की संपलं. फार जुन्या एका लढाईत काही जण प्रेतांत प्रेत होऊन पडून राहिले, आणि शत्रू त्यांच्यावरून चालत जाऊन मागच्या घरांत शिरला. तेव्हापासूनचा हा नियम. आडव्या झालेल्याचं चिलखत घरचे तिथल्या तिथे सोडवतात, पत्रे नातलगांत वाटून टाकतात आणि भिंतीतली खुंटी उपटतात. त्यानंतर तो उठला, चालला, तुमच्या तोंडासमोर येऊन शिंकला, तरी तो नाही.

हा नियम शहाणा आहे असं मी म्हणत नाही. आमचा मामा, मावशीचा सख्खा भाऊ, बंदराच्या ओल्या फळ्यांवरून घसरला. पाय मोडला, उठता येईना. नुसता घसरला होता हो! मावशीने स्वतःच्या हातांनी त्याचे पत्रे सोडले आणि घरी येऊन त्याची खुंटी उपटली. आमचा मेलेला मामा आता पलीकडच्या गल्लीत राहतो आणि रोज सकाळी लंगडत आमच्या दारावरून जातो. त्या वेळी मावशी दाराकडे पाठ करून भांडी घासते. घासलेली असली तरी घासते.

“नाटक आहे ते, मावशी.”

“मला कळतं गं नाटक आहे. नियमाला कळत नाही.”

“मामा पण नुसता घसरला होता.”

“घसरलाच होता.” ती पुन्हा तेल चोळायला लागली. “त्याची खुंटी उपटताना माझा एक हात फाटला. तुझी उपटताना दोन्ही फाटतील. पण उपटेन. ऐकलंस?”

ऐकलं. न ऐकून सांगते कुणाला.

दुसऱ्या दिवशी मालकांना म्हटलं, मरायच्या अंकापुरतं मला ते डब्यांचं चिलखत द्या.

“भिंतीवर काय रंगवलंय ते वाचलंस का?”

“तीन अंक खरंच आहे की. चौथ्यात कोण बघतंय? सगळे रडत असतात.”

लेखक तिथेच खुर्चीवर बसून पेन्सिलीने कान कोरत होते. हे गृहस्थ जन्मभर आमच्यावर नाटकं लिहीत आलेत आणि आमच्या वस्तीत एकदाही पाऊल टाकलेलं नाही. दुसऱ्या अंकात त्यांनी मला मधाचं मडकं दिलंय. मला मध चालत नाही, दाढ ठणकते. तसं सांगितलं तर म्हणाले, “अस्वलाला मध आवडतोच.” मी म्हटलं, ओळख दिसते तुमची.

आडवं होण्यात काय अडचण आहे ते त्यांनी विचारलं. मी नियम सांगितला. मामाचंही सांगितलं, सांगायला नको होतं. त्यांचे डोळे लकाकले.

“अरे वा! हे नाटकात घालू या.”

“नाही घालायचं.”

“का? किती करुण आहे!”

“ते आमचं घर आहे.”

शेवटी मालक वैतागून म्हणाले, “बरं बाई, डबे तर डबे. पण फार वाजवू नकोस, कळेल लोकांना.” मावशीला विचारलं तर ती म्हणाली, “डबा आहे तो. डब्यात कुणीही लोळो, नियमाला त्याचं काय?”

म्हणजे मिटलं. साप मेला, काठीही मोडली नाही. मी इथेच गप्प बसले असते तर आज सांगण्यासारखं काही नसतं.

पण रंगीत तालीम झाली. मी डबे चढवले, पुढच्याने भाला मारला, मी पडले. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर पाठीवर. मग बाळराजे आले.

बाळराजे म्हणजे बारा वर्षांचा अनाथ राजा. त्याचं काम करणारी बाई दोन पोरांची आई आहे. पण आवाज कोवळा, अंग काडीसारखं, त्यामुळे कंपनीत ती कायमची बारा वर्षांची. सगळे तिला बाळराजेच म्हणतात. तिचा नवराही म्हणतो, आणि भांडताना सुद्धा तेच म्हणतो.

अस्वल मेलं की बाळराजे त्याच्या अंगावर डोकं ठेवून दोन पानं विलाप करतात. तो विलाप मला पाठ होता, कारण दोर कधी धरायचा हे त्यावरून ठरायचं. पण मी तो ऐकलेला कडेने, घामाघूम होऊन. आता खाली पडून ऐकला. “तुझ्यासारखं शूर या राज्यात कुणी नव्हतं. तुझ्यासारखं शहाणं कुणी नव्हतं. तू होतास म्हणून मी होतो.” बाईंचे खरेखुरे अश्रू माझ्या कानात गेले. इतकं चांगलं माझ्याशी कधी कुणी बोललेलं नव्हतं. मला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

मग मालकांनी टाळी वाजवली, कुणीतरी “चहा आला!” म्हणून ओरडलं, आणि बाळराजे माझ्या पोटावरून पाय टाकून पलीकडे गेल्या. कंपनीच्या चहाच्या खोलीत मला घेत नाहीत. बाकं मोडतील म्हणतात.

“तुझा बाहेर आणून देते हं,” जाता जाता त्या म्हणाल्या. बाई वाईट नाही. आठवण राहिली तर आणून देतेही.

मी डब्यांत तशीच पडून छताकडे बघत राहिले. आतल्या खोलीतून कपांचे आवाज येत होते. माझ्यासारखं शूर कुणी नव्हतं, शहाणं कुणी नव्हतं. आणि मी होते की तिथेच, भिंतीच्या अलीकडे, चहाची वाट बघत.

उठले आणि लेखकांना गाठलं.

“अस्वल मरायलाच कशाला हवं?”

“म्हणजे?”

“भाला लोखंडावर बसला. भाला मोडेल. अस्वलाला काय होतंय?”

“अगं, ते काव्य आहे. बलिदान आहे ते.”

“कुणाचं?”

“अस्वलाचं.”

“अस्वलाला विचारलं होतं?”

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि लहान मुलाला समजवावं तसा आवाज काढला. “हे बघ. अस्वल मेल्याशिवाय बाळराजा मोठा कसा होणार?”

“सगळे होतात तसा. जेवून.”

दोराजवळ मागचा फिस्सकन हसला. लेखकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “संधी दिली तर डोक्यावर बसायला लागलीस! अस्वल मेलं नाही तर लोकांनी रडायचं कशाला? तुमच्यासाठी लोक रडतात, त्याची काही किंमत आहे की नाही तुला?”

“मेल्यावर रडतात. तोवर चहा बाहेर.”

“बास!” मालक ओरडले. “उद्या खेळ आहे आणि तुझं हे काय चाललंय? पडायचं काम आहे, पड. नाहीतर कातडं अजून पेटीत आहे, आणि पुढचा-मागचा अजून जिवंत आहेत.”

“माझ्या पाठीची वाट लागलीय, मला धरू नका,” मागचा म्हणाला.

घरी आले ती धुमसतच. मावशीने मासे उकडले होते. ऐकून घेतलं, काटे काढत राहिली.

“शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड,” ती म्हणाली. “आणि तू तर शेळी पण नाहीस. काय करणार आहेस?”

“माहीत नाही.”

“मग पडशील.”

“का म्हणून?”

“माहीत नसलं की अंग आपलं मऊ जागा शोधतं. मासे खा.”

तिचं बरोबर होतं. स्वतःला मी चांगली ओळखते. डब्यांत असताना मालकांनी डोळे वटारले, बाळराजेंनी तो गोड आवाज काढला, तर मी पडले असते. पडून वर छान वाटूनही घेतलं असतं. आणि मग रोज पडले असते. प्रत्येक खेळाला मरायचं, प्रत्येक खेळानंतर चहा बाहेर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाटकगृह खचाखच भरलं. आमच्या लोकांना खुर्च्या नसतात. मागे, खांबांच्या पलीकडे उभ्याची जागा असते. तिथे मावशी आली होती, आत्या आली होती, दोन चुलते बंदरावरून तसेच ओले आले होते. पहिल्या अंकात मी जंगलातून बाहेर पडले आणि लोखंड वाजलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईने शेजाऱ्याचा हात धरला. मला ते दिसलं. कान नाही, पाठ नाही, अख्खी बाई दिसली. दुसऱ्या अंकात मधाचं मडकं तोंडाला लावून खोटं खोटं चाटलं. तिसऱ्यात बाळराजेंना पाठीवर घेऊन नदी ओलांडली. टाळ्या पडल्या. मालक विंगेत हात चोळत होते.

तिसरा अंक संपला. डबे खुर्चीवर काढून ठेवले होते. मी ते खुर्चीसकट पायाने जंगलाच्या पडद्यामागे सरकवले आणि होते त्याच लोखंडात चौथ्या अंकाला उभी राहिले.

नियमासाठी नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. ज्या नियमाने माझ्या मामाला जिवंतपणी पुरलं, त्याच्यासाठी मी नखही हलवणार नाही. पण मला माझी पळवाट बुजवायची होती, आणि बुजवायला हाताशी दगड तोच होता. दगड कुणाच्या भिंतीतला, ते तेव्हा बघायचं नसतं.

पडदा उघडला. मी चार पावलं चालले आणि मागे खांबाआड मावशीने आवाज ओळखला. डबे नाहीत. तिने कमरेच्या पिशवीतून पाना काढला. ज्याने वाद्यांची बक्कलं सोडवतात तो. मधल्या वाटेने ती पुढे यायला लागली, मागे आत्या आणि चुलते. रंगमंचाच्या पायरीशी येऊन ती थांबली. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे.

“बसा ना हो खाली, दिसत नाही,” एक गृहस्थ म्हणाले.

“तुम्ही बसा. मी कामाला आले आहे,” मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाना धरलेला हात जराही हलत नव्हता.

“मर, पशू!” पुढचा गरजला आणि त्याने भाला मारला. लाकडाचा भाला, टोकाला चांदीचा रंग. छातीच्या पत्र्यावर ठण्णकन बसला आणि टोक वाकडं झालं.

मी उभी.

त्याने पुन्हा मारला. पुन्हा ठण्ण.

“पड ना गं,” तो ओठ न हलवता म्हणाला.

“नाही.”

“अगं, माझं पुढचं वाक्य आहे, ‘कोसळला डोंगर!’”

“नको म्हणूस मग.”

“मग काय म्हणू?”

“चुकलं म्हण.”

पुढच्या रांगांना ऐकू गेलं. हशा पिकला. विंगेत मालकांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

“आडवी हो!” ते कुजबुजत ओरडले. तशी कला फक्त नाटकवाल्यांना जमते. “आडवी हो म्हणतो! नाहीतर उद्यापासून दोराला सुद्धा हात लावायचा नाहीस!”

म्हणजे पुढची बाजूही गेली आणि मागचीही. खोटं कशाला सांगू, माझा डावा गुडघा लवला. तेवढंच. मावशीने ते पाहिलं आणि एक पाय पायरीवर ठेवला. तिचा पाना माझ्या पोटाच्या उंचीला आला. आता एकीकडे मालक होते आणि एकीकडे मावशी, आणि दोघांनाही मी आडवी झाले की काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. मी उभी राहिले तर पुढे काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी गुडघा सरळ केला.

“पडदा! पडदा टाक!” मालक आता उघड ओरडले. अंक संपायला वेळ म्हणून हमाल बाहेर गेलेले, मागचा एकटाच दोराला लोंबकळला. पडदा हातभर खाली आला, मग वजनांनी त्याला मागच्यासकट परत वर उचललं. मागचा हवेत पाय हलवत म्हणाला, “येत नाहीये, मालक.” जोर लावत होता की नाही, देव जाणे. मी विचारलं नाही.

रंगमंचाच्या मधोमध बाळराजे उभ्या होत्या. विलापासाठी गुडघे टेकायचे असतात. पण टेकून डोकं ठेवणार कशावर? त्या माझ्या जवळ आल्या.

“अगं बाई, माझी दोन पानं आहेत ना,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

“बोला की.”

“मेलेल्याला बोलायची आहेत ती!”

“जिवंताला बोलून बघा. मी ऐकते.”

त्यांनी एकदा विंगेकडे बघितलं, एकदा लोकांकडे. नाटकवाली आहे. समोर भरलेलं घर असताना तिला गप्प राहता येत नाही. तिने श्वास घेतला.

“तुझ्यासारखं शूर या राज्यात कुणी नव्हतं.”

“अजून आहे,” मी म्हणाले.

लोक हसले. पण कातड्यातलं अस्वल लांब झाल्यावर हसायचे तसं नाही.

“तुझ्यासारखं शहाणं...” त्यांची जीभ अडखळली. मेलेल्याच्या कानात ही वाक्यं तेलासारखी उतरत होती. माझ्या डोळ्यांत बघून बोलताना ती घशातच राहायला लागली. “तुझ्यासारखं शहाणं कुणी... मी तुला कधी...” पुढचं त्यांना आठवेना. मला पाठ होतं.

“तू दमलास का, हे मी तुला एकदाही विचारलं नाही,” मी सांगितलं.

“हो. तेच.”

“मग विचारा.”

बाळराजेंनी डोक्यावरचा मुकुट काढला. का काढला त्यांनाच ठाऊक, टोचत असेल. आणि मग बारा वर्षांच्या पोराच्या नाही, तर दोन पोरांच्या आईच्या आवाजात त्यांनी विचारलं,

“दमलीस का गं?”

“दमले,” मी म्हणाले. “पण पडणार नाही.”

खालच्या खुर्च्यांमध्ये कुणीतरी एकच टाळी वाजवली आणि घाबरून थांबलं. खांबांच्या मागे आमचे लोक चुळबुळले, पत्र्यांचा आवाज छताला लागला. मावशी पायरीवरून हलली नाही. पाना तसाच वर धरलेला. मी अजून उभी होते, एवढंच झालं होतं. अजून काही संपलेलं नव्हतं. विंगेत मालक आणि लेखक एकमेकांचा गळा धरल्यासारखे कागद चाळत होते. पुढचं वाक्य कुणाचं, हे त्या कागदांत कुठेच नव्हतं.

मी एक पाऊल पुढे आले. फळ्या करकरल्या.

“भाला उचल,” मी पुढच्याला म्हणाले, “आणि घरी जाऊन जेव. आज इथे कुणी मरत नाही. उद्याही नाही.”

पुढच्याने मालकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग वाकला आणि भाला उचलला.